नगरची अ‍ॅना, बँकॉकची मॅम

थाई भाषेत परदेशी माणसासाठी मुख्यतः दोन शब्द आहेत. गोऱ्या माणसाला ‘फरांग’ म्हणतात आणि आपल्यासारख्या हिंदुस्थानी, तसंच मलायी, अरब, इराणी माणसाला ‘खॅक’. चिनी लोक तिथं इतक्या संख्येनं आणि इतके जुने, की त्यांची गणतीच निराळी. फरांग म्हणजे आपला फिरंगी. इराणी लोकांनी युरोपातल्या फ्रँक लोकांना दिलेलं नाव आपल्याकडे फिरंगी झालं, तिकडे फरांग झालं. खॅकचा अर्थ ऐकलात तर बरं वाटेल. खॅक म्हणजे पाहुणा.

पाहुणा म्हणजे काय, ते आपल्या बायकांना सांगायला नको. पाहुण्याला आपण पाट मांडतो, ताट वाढतो, चार गोड शब्द बोलतो. पण फडताळाच्या किल्ल्या काही त्याच्या हाती देत नाही. बरं, चार दिवसांत परत जाईल तो पाहुणा. तीन पिढ्या राहिलेल्याला काय म्हणायचं?

गेली दोन-तीन वर्षं मी एकोणिसाव्या शतकातल्या बँकॉकबद्दल मिळेल ते वाचते आहे. राजे, तह, बंदरं हे सगळं पुस्तकांत असतंच. मला हवं होतं ते जरा निराळं. परक्या गावात बिऱ्हाड मांडलेल्या बाया पाणी कुठून भरत होत्या? भाड्याचं घर मिळताना काय काय ऐकून घेत होत्या? मूल तापानं फणफणलं तर कुणाकडे धावत होत्या? ते शोधता शोधता एक बाई अशी भेटली, की आपण फरांग आहोत की खॅक, हे तिला मरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आणि ती निघाली आपल्या अहमदनगरची!

पण आधी तिचं गाव पाहू.

बँकॉक राजधानी झाली १७८२ साली. गाव सगळं पाण्यावरचं. मधून चाओ फ्राया नदी आणि दोन्ही अंगांना फुटलेले कालवेच कालवे. धड रस्ते नव्हतेच. घरं लाकडी खांबांवर, नाहीतर बांबूच्या तराफ्यांवर तरंगणारी. दुकानंही तशीच तरंगती. शेजारणीकडे विरजण मागायला जायचं म्हटलं तरी होडी सोडावी लागेल, असं ते गाव. (विरजण तिथं मिळालं नसतं, ही गोष्ट वेगळी. थाई स्वयंपाकात दूध-दही नाहीच, सगळं काम नारळाच्या दुधावर.)

पिण्याला पावसाचं पाणी. पन्हाळीखाली मातीचे मोठाले रांजण ओळीनं ठेवायचे, पावसाळ्यात भरून घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. नदीचं पाणी बाकीच्या वापराला. गाळून पाणी पिणाऱ्या आपल्यासारख्या घरातली बाई तिथं गेली असती, तर रांजणाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधण्यापासून तिच्या संसाराची सुरुवात झाली असती. बाजारात सुट्या पैशाच्या जागी कवड्या चालत. आपल्याकडे ‘कवडीची किंमत नाही’ एवढ्यापुरती कवडी उरली, तिकडे १८६० च्या सुमाराला टांकसाळीत यंत्रानं नाणी पडू लागेपर्यंत ती भाजीवालीच्या टोपलीत होती.

आणि वारांची नावं बघा. रविवार म्हणजे ‘वन आथित’, आदित्यवार. सोमवार ‘वन चन’, चंद्राचा. मंगळवार ‘अंगखान’, म्हणजे आपला अंगारक. बुधवार ‘फुत’, शुक्रवार ‘सुक’. घड्याळाला ‘नालिका’ म्हणतात. आपल्या घटिकापात्राचीच ती बहीण. दर पंधरवड्यात अष्टमीला आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला ‘वन फ्रा’, म्हणजे धर्माचा दिवस. पावसाचे तीन महिने बौद्ध भिक्षू एका विहारात मुक्काम करतात, गावोगाव फिरत नाहीत. चातुर्मासात आपले मुनिमहाराज एका जागी थांबतात, अष्टमी-चतुर्दशीला आपण उपवास धरतो, त्या आपल्याला हे सगळं घरचंच वाटावं. पण तेच लोक मासे खातात, माशाच्या चटणीवाचून त्यांचं ताट होत नाही. परक्या गावात असंच असतं. अर्धं अगदी आपलं आणि अर्धं घशाखाली न उतरणारं.

अशा गावात १८ एप्रिल १८५५ रोजी ब्रिटिशांनी एक तह केला. तेव्हा देशाचं नाव सयाम होतं आणि गादीवर होता राजा मोंगकुट. सत्तावीस वर्षं भिक्षूची वस्त्रं नेसून मग राज्यावर आलेला, इंग्रजी आणि लॅटिन शिकलेला, ग्रहताऱ्यांचा नाद असलेला हा माणूस. ब्रिटिशांकडून आले हाँगकाँगचे गव्हर्नर जॉन बाउरिंग. आयात मालावर तीन टक्केच जकात, हे या तहातलं मोठं कलम. पण घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेनं बघितलं, तर महत्त्वाची कलमं दुसरीच आहेत.

ब्रिटिश प्रजेला बँकॉकमध्ये कायम राहता येईल. मात्र शहराच्या तटापासून चार मैलांच्या आत जमीन भाड्यानंच घ्यायची. विकत घ्यायची तर आधी दहा वर्षं तिथं काढलेली असली पाहिजेत. त्यापलीकडे जमीन घेता येईल, पण होडीनं चोवीस तासांत जेवढं अंतर कापता येतं तेवढ्याच टापूत. त्याच्याही पुढं जायचं तर परवाना हवा. आणि जो कुणी राहील त्यानं ब्रिटिश वकिलातीत आपलं नाव नोंदवायचं. नाव नोंदलं की त्याचा न्यायनिवाडा सयामी कोर्टात व्हायचा नाही, वकिलातीतच व्हायचा.

म्हणजे सगळं येऊन अडलं एका प्रश्नावर, तुम्ही कोण? कुणाचे? कुठले? सुरतेचा बोहरी व्यापारी, मद्रासेकडचा तमिळ, पेनांगचा चिनी, हे सगळे कागदोपत्री ब्रिटिश प्रजा. त्या शतकात सुरतेचं आणि गुजरातचं कापड सयामात मोठ्या मानानं नेसलं जाई. मस्कती नावाच्या बोहरी पेढीच्या कापडाला तर तिकडे पेढीच्याच नावानं ओळखत. तहाचं छत्र या लोकांवरही होतं. पण एका छत्रीखाली उभे असले, तरी फरांग तो फरांग आणि खॅक तो खॅक. या पेढ्यांतल्या पुरुषांची नावं तरी कुठं कुठं सापडतात. त्यांच्या घरातल्या बाया तिकडे होत्या का, होत्या तर काय शिजवत होत्या, सण कसे करत होत्या, हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

फरांग बायांनी मात्र पत्रं लिहिली. ब्रिटिशांचे पहिले वकील चार्ल्स हिलियर १८५६ साली बँकॉकला आले, सोबत बायको एलायझा. काही महिन्यांतच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, हगवणीनं ते गेले. एलायझा ऐन तिशीच्या आत विधवा झाली. तिनं बहिणीला, मार्थाला, लिहिलेली पत्रं जपून राहिली आणि आता त्यांचं पुस्तकही झालं आहे. वकिलाच्या बायकोची ही गत, तर बाकीच्यांचं काय! त्यांच्याही आधी, १८३५ साली, अमेरिकन मिशनरी डॉक्टर डॅन ब्रॅडली तिथं आले. सयामात त्यांनी छापखाना चालवला, देवीच्या लसीचं काम केलं. त्यांची बायको एमिली दहा वर्षांनी, १८४५ साली, बँकॉकलाच वारली. १८४९ साली पटकीनं सगळं शहर हादरलं होतं.

परदेशी लोकांना राहायला कायमची जागा देणारा तह झाला १८५५ ला. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १८५३ साली, राजानं प्रोटेस्टंट लोकांना दफनभूमीसाठी नदीकाठी जागा दिली होती. घराच्या आधी थडग्याची सोय झाली होती.

मग १८६१ मध्ये वकिलातींनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं. आमच्या लोकांना संध्याकाळी घोड्यावरून, गाडीतून रपेट करायची सवय. इथं रस्तेच नाहीत, म्हणून आमची माणसं आजारी पडतात. राजानं ऐकलं. नदीला समांतर लांबच लांब रस्ता बांधायला घेतला आणि १८६४ साली तो पुरा झाला. त्याचं नाव चरोन क्रुंग, फरांग लोकांच्या तोंडी ‘न्यू रोड’. सयामी लोकांचं सगळं आयुष्य होडीत चाललं होतं; फरांगांना हवा खायची होती, म्हणून राजधानीला रस्ता मिळाला.

रस्त्याचं ते काम चालू असतानाच, मार्च १८६२ मध्ये, सिंगापूरहून आलेल्या आगबोटीतून एक तिशीची बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बँकॉकला उतरली. तिचं नाव अ‍ॅना लिओनोवेन्स.

हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. तिच्यावर मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली कादंबरी लिहिली, तिच्यावरून ‘द किंग अँड आय’ हे गाण्यांचं नाटक आणि मग १९५६ चा सिनेमा निघाला. घेरदार झग्यातली गोरी मास्तरीण रानटी राजाला माणसात आणते, अशी ती गोष्ट. थायलंडमध्ये या सिनेमाला बंदी आहे, आणि ती का, हे आपल्याला समजायला वेळ लागू नये. आपल्या राजाला कुणी असा रंगवला असता तर आपण काय केलं असतं!

अ‍ॅनानं सगळ्यांना सांगितलेली माहिती अशी. जन्म वेल्समधला, १८३४ चा. वडील लष्करात कॅप्टन, हिंदुस्थानात लढाईत पडले. नवरा लष्करी अधिकारी, वाघाच्या शिकारीला गेला आणि ऊन लागून वारला.

खरी हकिकत बाहेर यायला १९७६ साल उजाडलं. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे कोळी या किड्याचे नामांकित अभ्यासक. अ‍ॅनाच्या मुलाचं, लुईचं, चरित्र लिहिताना त्यांनी दप्तरं चाळली आणि हाती लागलेला धागा सोडला नाही. पुढं इतरांनी तो आणखी ओढला. तर अ‍ॅनाचा जन्म २६ नोव्हेंबर १८३१ चा, अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. वडील थॉमस एडवर्ड्स मूळचे सुतारकाम करणारे, कंपनीच्या फौजेत सार्जंट. ती जन्मायच्या आधीच वारले. आई मेरी अ‍ॅन ग्लासकॉट, मुंबई फौजेतल्या एका इंग्रज लेफ्टनंटची मुलगी. आणि या आईची आई? ती बहुधा हिंदुस्थानी, निदान मिश्र रक्ताची असावी, असं अभ्यासक मानतात. तिचं नाव सापडलेलं नाही. आजोबांचा हुद्दा, पलटण सगळं कागदावर आहे. आजीचं नाव तेवढं नाही.

आईनं लवकरच दुसरं लग्न केलं, आयरिश शिपायाशी. बेळगावचा कॅम्प ज्यांनी पाहिला आहे त्यांना अ‍ॅनाचं बालपण डोळ्यांपुढं आणता येईल. लांबलचक बराकी, एका खोलीत पडदे लावून केलेले संसार, एका अंगाला साहेबांचे बंगले आणि दुसऱ्या अंगाला बाजारपेठ. बंगल्याच्या पायरीवर यांना जागा नाही आणि बाजारात हे मिसळत नाहीत. १८४९ च्या नाताळात, पुण्यात, अ‍ॅनाचं लग्न झालं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स हा कारकून. पहिली मुलगी दीड वर्षाची व्हायच्या आत गेली. पुढं ऑस्ट्रेलियात पर्थला गेले, तिथं एक मुलगा गेला. मग एव्हिस ही मुलगी आणि लुई हा मुलगा झाले. तिथून सिंगापूर, मग पेनांग. पेनांगला थॉमस हॉटेल चालवत होता. मे १८५९ मध्ये तो एकाएकी वारला. वाघ नाही की शिकार नाही.

सत्तावीस वर्षांची विधवा, पदरात दोन लेकरं. सासर नाही, माहेर बराकीतलं. तिनं सिंगापूरला अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, ती धड चालली नाही. पण दोन आडनावांचं एक आडनाव तिथंच रुळलं, ओवेन्सबाईंच्या लिओनोवेन्सबाई झाल्या, आणि अहमदनगर पुसलं गेलं.

का पुसलं? तोपर्यंत सयामच्या राजवाड्यात मिशनरी बायका शिकवायला जाऊन आल्या होत्या. १८५१ पासून तीनेक वर्षं तिघीजणी आळीपाळीनं जायच्या. पण अक्षरांबरोबर ख्रिस्ताचा उपदेशही सुरू झाला आणि ते काम थांबलं. मग राजानं सिंगापूरच्या आपल्या वकिलामार्फत, तान किम चिंगमार्फत, इंग्रज शिक्षिका शोधायला सांगितलं. अ‍ॅनाला अटी कळवल्या गेल्या. महिना शंभर डॉलर पगार, राहायला घर, आणि मुलांना इंग्रजी भाषा, शास्त्र, वाङ्मय शिकवायचं. धर्म शिकवायचा नाही. आता मला सांगा, नगरच्या सार्जंटची मुलगी, कारकुनाची विधवा, आजी कोण ते ठाऊक नाही, अशी बाई या जागेवर कुणी घेतली असती का? शिकवण्याची अक्कल तीच, इंग्रजी तेच. पण फरांगच्या ताटातून ती खॅकच्या ताटात गेली असती. लेकरांच्या पोटासाठी तिनं आपला जन्म बदलला.

बँकॉकला उतरल्यावर पहिला झगडा झाला तो घरासाठी. कबूल केलेलं घर मिळेना. तिनं लिहिलं आहे, की आधी प्रधानाच्या वाड्यात पाहुण्यासारखं राहावं लागलं. मग दाखवलं ते घर मासळीबाजाराजवळचं, घाण आणि वासाचं. ते तिनं नाकारलं. राजवाड्याच्या आत राहायलाही तिची तयारी नव्हती. ज्याचं दार आपण लावू शकतो असं घर तिला हवं होतं. शेवटी ते मिळालं. तिच्या पुस्तकांतल्या पुष्कळ गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही, पण हे प्रकरण वाचताना खोटं वाटत नाही. दुसऱ्याच्या घरात महिनोन्‌महिने राहिलेल्या कुठल्याही बाईला स्वतःच्या कडीकोयंड्याची किंमत ठाऊक असते.

रोज ती राजवाड्याच्या आतल्या भागात जायची. तो भाग म्हणजे बायकांचं एक गावच. राण्या, राजकन्या, दासी, त्यांच्या पोरी, सगळ्या मिळून हजारांनी. राजा सोडून पुरुषांना तिथं बंदी. पहाऱ्यावर बायका, निवाडा करायला बायका. राजाला सगळी मिळून ८२ मुलं झाली. त्यातलाच चुलालोंगकोर्न, पुढचा राजा, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, तिचा विद्यार्थी. शिकवून झालं की राजाची इंग्रजी पत्रं लिहायचं कामही तिच्याकडे यायचं. सगळे तिला ‘मॅम’ म्हणत. मुलगी एव्हिस इंग्लंडच्या शाळेत ठेवलेली, लुई जवळ. शंभर डॉलरमध्ये बँकॉकचं घर आणि इंग्लंडची शाळा! हा हिशेब तिनं पाच वर्षं जमवला.

१८६७ मध्ये ती रजेवर म्हणून गेली. पुढच्याच वर्षी मोंगकुट वारले. सूर्यग्रहण पाहायला ते दक्षिणेत गेले होते. ग्रहणाचं गणित त्यांनी स्वतः केलेलं आणि ते बरोबर ठरलं. पण त्या जंगलातून हिवताप घेऊन आले आणि १ ऑक्टोबर १८६८ ला गेले. अ‍ॅना मग अमेरिकेत गेली आणि पोटासाठी लिहू लागली. १८७० साली तिचं पहिलं पुस्तक आलं, मग दुसरं. त्यात राजा क्रूर, राजवाड्याखाली अंधारकोठड्या, प्रेमिकांना जिवंत जाळणं, असं बरंच काही आहे. बँकॉकची जमीन पाणथळ, हातभर खणलं तर पाणी लागतं. तिथं तळघरातल्या कोठड्या कशा टिकतील, असं जाणकार विचारतात. विचारणारच. ज्या राजानं तिला फरांग मॅमचा मान देऊन पगार दिला, त्याच्यावर तिनं असं लिहावं, हे मला पटत नाही. आपला जन्म बदलणं ही तिची गरज होती; दुसऱ्याचं चारित्र्य बदलण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

पण मला बोचतं ते आणखी एक. एलायझा हिलियर बहिणीला मनातलं लिहू शकत होती. अ‍ॅनालाही सख्खी बहीण होती, तिचंही नाव एलायझाच. अ‍ॅनानं तिच्याशी आणि आईशी संबंध तोडले. तोडणं भागच होतं. हिंदुस्थानातून एक पत्र आलं असतं आणि कुणी ते वाचलं असतं, तरी वेल्सचा सगळा डोलारा कोसळला असता. पाच वर्षं बँकॉकला, मग अमेरिका, मग कॅनडा; तिथं हॅलिफॅक्सला १८८७ साली निघालेल्या चित्रकलेच्या शाळेच्या उभारणीत तिचा मोठा हात होता. १८९७ साली लंडनला चुलालोंगकोर्न राजा तिला भेटला, त्यानं जुन्या बाईंचा मान ठेवला. हिंदुस्थानावरही तिनं पुस्तक लिहिलं, १८८४ मध्ये, तेसुद्धा विलायतेहून आलेल्या मॅडमच्या नजरेनं. १९१५ साली ती माँट्रियलला वारली. त्या बहिणीचा नातू पुढं बोरिस कार्लोफ या नावानं हॉलिवुडमध्ये भयपटांचा मोठा नट झाला, पण दोन घरांत जाणं-येणं उरलंच नव्हतं.

याच्या शेजारी एक दुसरं घर ठेवून बघा. बँकॉकलाच टॉमस नॉक्स नावाचे ब्रिटिश वकील होते. त्यांची बायको सयामी, प्रांग येन. दोघांना मुली झाल्या, फॅनी आणि कॅरोलाइन. आईचं नाव कुणी लपवलं नाही. अ‍ॅनाचा लुई मोठेपणी बँकॉकला परतला, राजाच्या घोडदळात अधिकारी झाला, पुढं सागवानाच्या धंद्यात पडला. त्यानं लग्न केलं ते या कॅरोलाइनशी. अ‍ॅनानं जी गोष्ट जन्मभर झाकली, ती सून उघड्या चेहऱ्यानं घेऊन आली.

म्हणून मिश्र घरांचं सगळं सुरळीत होतं असंही नाही हं. फॅनीनं १८७९ साली एका सयामी सरदाराशी, फ्रा प्रीचाशी, लग्न केलं. त्याच्यावर दरबारानं पैशाच्या अफरातफरीचे आणि खुनाचे आरोप ठेवले. जावयाला वाचवायला नॉक्सनी ब्रिटिश लढाऊ बोट बोलावण्यापर्यंत मजल नेली. सरकारनं नॉक्सनाच परत बोलावलं. त्याच वर्षी फ्रा प्रीचाला मृत्युदंड झाला. बापाच्या घरी तिला ब्रिटिश कायद्याचं छत्र होतं, नवऱ्याच्या घरी सयामी कायदा. बाईचं ‘कुठली’ हे असं माप ओलांडलं की बदलतं, आणि ते बदलताना तिला कुणी विचारत नाही.

आज बँकॉकच्या सिलोम भागात रत्नांच्या व्यापारातली जैन कुटुंबं राहतात. जैन मंदिर आहे, पर्युषण होतं, सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. चिनी वंशाचे थाई लोक वर्षातून नऊ दिवस ‘चे’ जेवण पाळतात, त्यात मांस-मासळी तर नाहीच, पण कांदा-लसूणही चालत नाही; तेवढे दिवस आपल्या बायकांना बाजारात निर्धास्तपणे खाता येत असणार. त्यांची मुलं फर्डं थाई बोलतात. शब्द मात्र तोच आहे, खॅक.

आणि आपल्याकडे? बेळगावात मराठी बोलावं तर एक प्रश्न, कानडी बोलावं तर दुसरा. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या आपल्या मैत्रिणींना तर हे रोजचंच. चार पिढ्या त्याच गल्लीत घर, तिथल्याच बस्तीत आजोबांनी दिलेल्या घंटेवर नाव कोरलेलं, तरी भाजी घेताना कुणीतरी विचारतंच, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” बहुतेकदा विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. मीही विचारलं आहे, नव्या शेजारणीला, चहाचा कप पुढं करताना. आता विचारताना मला नगरची ती बाई आठवते, आणि समोरचीनं उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, तर मी विषय बदलून साखर पुढं करते.